औट घटकेचा राजा

श्रावण लागला की आमच्या मार्गासनीच्या थांब्यावर दर रविवारी पाठीवर पिशव्या घेतलेली शहरी मुले उतरतात. येथून साखरच्या बाजूला वळायचे, गुंजवणे गाठायचे आणि तेथून राजगडाची वाट धरायची, हा त्यांचा नेहमीचा बेत. गेल्या श्रावणात अशीच एक टोळी उतरली. थांब्यापाशी माझ्या वर्गातला एक मुलगा गुरे घेऊन उभा होता. त्याला त्यांनी वाट विचारली. ह्या मुलाला चोरदरवाज्याची वाट अंधारातही सापडेल. परंतु तो एक शब्द बोलला नाही. हात लांब करून त्याने दिशा दाखविली, बोटांनी दोन वळणे सांगितली आणि मान खाली घालून तो गुरांमागे निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "अरे, तोंडाने का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "गुर्जी, आपलं बोलणं ऐकून ती हसत्यात."

मी पुढे काही बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात 'व्हतं' नव्हे 'होतं', 'पानी' नव्हे 'पाणी', असे मी त्याच्याकडून पाच-पाच वेळा घोकून घेतले होते, आणि सारा वर्ग हसला होता.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझे आजोबा आठवले; आणि आजोबांबरोबर मास्टर विठ्ठल आठवले. मास्टर विठ्ठल म्हणजे मूकपटांच्या काळातला एक नायक. आजच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे नाव परके वाटेल. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनाही बहुधा एवढेच ठाऊक असते, की भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', आणि त्याचा नायक मास्टर विठ्ठल. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले ते एका ओळीचे उत्तर आहे. पण त्या एका ओळीत एका माणसाच्या भाग्याचा केवढा उलटफेर दडला आहे, हे मी आजोबांच्या तोंडून प्रथम ऐकले. आणि पुढे जमेल तसे वाचून ताडून पाहिले.

आजोबा १९२७ च्या सुमारास, मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात मुंबईला गेले. घरचे भाताचे खाचर गहाण पडले होते. मुंबईची गिरणी हाच काय तो उपाय होता. आमच्या खोऱ्यातील कित्येक घरांची हीच कहाणी आहे. परळच्या बाजूला गावकीची खोली होती. तीत पाळीपाळीने निजणारी पंधरा-वीस माणसे होती. गिरणीत बदली म्हणून उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. ह्या साऱ्याची आजोबांना फारशी तक्रार नव्हती. त्यांची तक्रार निराळीच होती. ते म्हणत, "मुंबईत तोंड उघडायची चोरी. व्हय म्हटलं की जॉबर हसायचा, न्हाय म्हटलं की दुकानदार हसायचा." म्हणून त्यांनी बोलणेच कमी केले. आणि हा न बोलणारा पोरगा हाती चार आणे आले की जेथे कोणीच बोलत नसे अशा ठिकाणी जाऊन बसे. ते ठिकाण म्हणजे सिनेमाचे थिएटर.

त्या काळचे थिएटर म्हणजे काही शांत जागा नव्हे. पडद्यावर सारे मुके, पण पडद्यासमोर नुसता गदारोळ. एका बाजूला बाजाची पेटी आणि तबला चाललेला. मधूनमधून पडद्यावर पाटी येई. तिच्यावर दोन-तीन भाषांत मजकूर असे, कारण एकच चित्र गुजरातेत, महाराष्ट्रात आणि उत्तरेकडेही फिरायचे असे. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. ज्याला येत नसे तो शेजाऱ्याला विचारी. आजोबा पडद्याजवळच्या सर्वांत स्वस्त जागेत बसत. ते म्हणत, "पाटी वाचनाऱ्याला आम्ही गप बसवायचो. इठ्ठल काय करतोय ते दिसत व्हतं की!"

ह्या 'इठ्ठल'ची हकीकत अशी.

विठ्ठल ह्यांचा जन्म १९०६ चा. लहानपणीच ते नाटकमंडळीत शिरले. पुढे कोल्हापुरास बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. ही कंपनी म्हणजे मराठी चित्रपटाचे गुरुकुल होते. बाबूरावांनी कॅमेरा आपल्या हातांनी तयार केला, पडदे रंगविले, नट घडविले. त्यांचे 'सैरंध्री' हे पहिले चित्र १९२० साली पुण्यात मंडईजवळच्या 'आर्यन'मध्ये लागले. ते 'आर्यन' १९८३ साली गेले. आता त्या जागी वाहने उभी करतात आणि नाव तेवढे शिल्लक आहे. बाबूरावांच्या ह्या गुरुकुलात शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करी. तो पुढे व्ही. शांताराम झाला. तेथेच भालजी पेंढारकरांची आणि बाबूराव पेंढारकरांची उमेदवारी झाली. आणि तेथेच विठ्ठल चित्रफितींचे तुकडे जोडण्याच्या कामाला लागले.

पडद्यावर ते प्रथम आले १९२४ च्या 'कल्याण खजिना'त. आणि आले ते नर्तकीच्या वेषात! पुढे ज्याच्या तलवारीवर हजारो गिरणीकामगारांनी शिट्ट्या वाजविल्या, त्याने पडद्यावर पहिले पाऊल टाकले ते पायात चाळ बांधून. आज ह्याचे नवल वाटेल, पण त्या काळी वाटत नव्हते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा हरिश्चंद्र झाले होते दत्तात्रय दामोदर दाबके. आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाईमाणूस मिळेना. ह्याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. ज्या प्रेक्षकांनी हे आनंदाने पाहिले, त्यांना विठ्ठलच्या घुंगरांचे काय विशेष? मूकपटात माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते वळले, वाकले, नाचले, तर राजाही होता येई आणि राणीही. आवाज कोणी विचारीत नव्हते.

विठ्ठलचे शरीर वळणारे होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते उडणारे होते. मुंबईस १९२५ साली भोगीलाल दवे आणि नानुभाई देसाई ह्यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. तिला धाडसाची, तलवारबाजीची, वेषांतराची चित्रे काढायची होती, आणि त्यासाठी उडी मारताना न कचरणारा नायक हवा होता. १९२६ च्या 'रतन मंजरी'त विठ्ठलना नायकाची भूमिका मिळाली, आणि त्यापुढली चार-पाच वर्षे शारदा म्हणजे मास्टर विठ्ठल असे समीकरणच होऊन बसले. नायिका पुष्कळदा झेबुन्निसा. गोष्ट बहुधा ठरलेली असे. एक जुलमी प्रधान, एक कैदेत पडलेली राजकन्या, आणि तोंडावर बुरखा ओढून तटावरून उडी घेणारा एक बहाद्दर. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स हेच करीत होता. १९२० चा त्याचा 'मार्क ऑफ झोरो' आणि १९२४ चा 'थीफ ऑफ बगदाद' जगभर गाजले. हिंदुस्थानातही त्यांना तुडुंब गर्दी झाली. म्हणून वर्तमानपत्री मंडळी विठ्ठलना 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणू लागली. मूकपटांच्या जमान्यात सर्वांत अधिक मोबदला घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होऊ लागली.

शिकल्यासवरलेल्या लोकांनी ह्या चित्रांकडे नाक मुरडले. सरकारने १९२७ साली दिवाणबहादूर रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यापुढे देशभरच्या मोठमोठ्या लोकांच्या साक्षी झाल्या. सिनेमाने काय बिघडते, काय सुधारते, ह्यावर पुष्कळ खल झाला. चार आण्यांच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला काय हवे, ह्याविषयीही पुष्कळांनी मते दिली. पण त्या माणसाच्या वतीने बहुधा दुसरेच बोलले. तो स्वतः बोलला असता तर काय म्हणाला असता, हे मला आजोबांनी सांगितले आहे. १९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखांच्या आसपास माणसे सहा महिने कामाविना होती. पुष्कळजण गावी परतले; आजोबा काही दिवस तेथेच राहिले. उपाशी पोटीसुद्धा एकदा विठ्ठलचे चित्र पाहिल्याचे ते सांगत. मी विचारले, "उपाशी असताना सिनेमाला पैसे कशाला घालवले?" ते म्हणाले, "दिवसभर सगळी आमालाच ढकलायची. तितं इठ्ठल दुसऱ्यास्नी ढकलायचा."

मूकपटाचा सारा दिमाख असा खोट्या राजवाड्यांतच होता असे मात्र समजू नये. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे ह्यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, अशी ती गोष्ट. म्हणजे माझ्या आजोबांचीच गोष्ट, त्यांनी गाव सोडण्याच्या आधी दोन वर्षे पडद्यावर आलेली! आजोबांना मी त्या चित्राविषयी कधी विचारले नाही; विचारण्याइतके मला तेव्हा कळत नव्हते. पण त्या दोन मूकनायकांकडे पाहताना मला वाटते, की एकाने माणसाचे दुःख जसेच्या तसे दाखविले, आणि दुसऱ्याने ते दोन तास विसरायला लाविले. गिरणीतून सुटलेल्या माणसाला दोघांचीही गरज होती.

आणि मुके म्हणजे निरुपद्रवी, असेही नव्हे. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ह्यांनी १९२९ च्या जूनमध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शिवाजीमहाराजांच्या तरुणपणाच्या पराक्रमावर चित्र काढले. महाराजांची भूमिका शांतारामांनीच केली. चित्राचे नाव ठेवले 'स्वराज्याचे तोरण'. आमच्या शाळेच्या अंगणातून पश्चिमेकडे पाहिले की डोंगररांगांमागे जो तोरणा आहे, तो घेऊन महाराजांनी हे तोरण बांधले असे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे सांगतात. परंतु १९३० साल म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचे साल. 'स्वराज्य' हा शब्द सरकारला खपला नाही. नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले. मुक्या चित्राच्या तोंडावरसुद्धा सरकारने हात ठेवला तो असा!

ह्याच सुमारास खरोखरचा आवाज आला. अमेरिकेत 'जाझ सिंगर' १९२७ साली बोलला होता. हिंदुस्थानात पहिला मान कोण मिळवितो, ह्याची चढाओढ लागली, आणि इंपीरियल फिल्म कंपनीच्या आर्देशिर इराणींनी ती जिंकायचे ठरविले. खेळ ठरला 'आलम आरा'. एका पारशी नाटकावरून घेतलेला. नायिका जुबेदा. नायकासाठी मेहबूब नावाच्या एका होतकरू तरुणाचे नाव पुढे होते. पण एवढा पैसा घालायचा, तर नायक गल्ला जमविणारा हवा. म्हणून मेहबूब मागे राहिले आणि मास्टर विठ्ठलना बोलावणे आले. (हे मेहबूब म्हणजेच पुढे १९५७ साली 'मदर इंडिया' काढणारे मेहबूब खान.)

विठ्ठल शारदेशी करारबद्ध होते. ते इकडे आले म्हणून शारदेने कोर्टात दावा लावला. विठ्ठलच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि दावा विठ्ठलनी जिंकला, असे चित्रपटांचा इतिहास लिहिणारे सांगतात. नियतीचा हा केवढा विनोद! देशातल्या नामांकित वक्त्याने आपल्या वाणीच्या बळावर ह्या नटाला मोकळे केले. आणि तो मोकळा झाला तो बोलण्याच्या कैदेत पडण्यासाठी.

कारण विठ्ठलना ती भाषा येत नव्हती. कोल्हापूरच्या मराठीवर वाढलेली जीभ; तिला दरबारी उर्दूचे उच्चार कसे जमावेत? शारदेच्या चित्रांत ते राजपुत्र, उमराव, पठाण, सारे काही झाले होते, आणि कोणीही त्यांचा 'क' तपासला नव्हता. आता ध्वनियंत्र समोर ठेवले होते. स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यांचा खडखडाट आवाजात मिसळू नये म्हणून चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर करीत. त्या मध्यरात्रीच्या शांततेत मास्टर विठ्ठल आपली वाक्ये म्हणू लागले, आणि इराणींच्या ध्यानात आले की हे काही जुळत नाही. मग त्यांनी तोड काढली. गोष्टीतच असे होते, की सावत्र आईच्या कारस्थानाने राजपुत्र दिवसा मृतवत पडतो आणि रात्री जागा होतो. त्याचा लाभ घेऊन नायकाला बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखविले आणि त्याची वाक्ये होता होईल तो कमी केली.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. गर्दी इतकी लोटली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले, असे सांगतात. आजोबा पहिल्या आठवड्यात तेथवर पोहोचलेच नाहीत. पुढे केव्हातरी ते गेले. परत आले ते खट्टू होऊन. "सगळी बोलत व्हती," ते म्हणत, "फकीर गात व्हता, बाया गात व्हत्या. आन्‌ आमचा इठ्ठल? त्यो निजूनच व्हता."

एवढेच सांगून ते गप्प बसत. मी त्या वेळी दहा-बारा वर्षांचा असेन. मला हसू येई. आज मला कळते, की देशातल्या पहिल्या बोलपटाच्या नायकाची ह्याहून नेमकी समीक्षा दुसऱ्या कोणी केली नसेल.

त्याच चित्रात सेनापतीच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. त्यांना नाटकाचा अनुभव होता, आवाज होता, आणि ती भाषा त्यांची होती. पुढे १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम'मध्ये बादशहा अकबर म्हणून ते गरजले. एकाच दारातून दोघे बोलपटात शिरले. एकाला त्या दाराने आत घेतले आणि दुसऱ्याला मागच्या बाजूने बाहेर काढले. मूकपटाची सम्राज्ञी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिलाही हाच पेच पडला होता. तिला हिंदुस्थानी बोलता येत नव्हते. पण तिने वर्षभर काम थांबविले, भाषा शिकली, आणि १९३२ च्या 'माधुरी'तून ती परतली. ज्याला एक वर्ष थांबणे परवडते तो शिकतो, हे खरे. पण जग सर्वांसाठीच वर्षभर थांबत नाही.

मराठीतही वारे फिरले होते. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे: संगीतरंगभूमीवरचे नट, पेटीवादक आणि गायक. नायक कोणाला म्हणावे ह्याची व्याख्याच बदलली होती. काल जो तटावरून उडी मारी तो नायक. आज जो तान मारी तो नायक. आणि ते एक चित्र मराठीत निराळे, हिंदीत निराळे काढावे लागले. मूकपटाच्या पाटीवरची भाषा बदलली की चित्र कोठेही चाले. नटाच्या तोंडातली भाषा अशी बदलता येईना. ज्या एकाच पडद्यासमोर गुजराती, मराठी, हिंदी, सारे मांडीला मांडी लावून बसत, त्या पडद्याचे भाषेगणिक तुकडे पडले. बोलपटाने आम्हांला पुष्कळ दिले. परंतु मुक्यांची ती पंगत त्याने उठविली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

१९३३ साली विठ्ठलनी पुन्हा एकदा दैव अजमावले. 'आवारा शहजादा' ह्या चित्रात त्यांनी राजपुत्र आणि भिकारी अशा दुहेरी भूमिका केल्या. त्याच साली मराठीत त्यांचा चित्रपट आला. त्याचे नाव 'औट घटकेचा राजा'. औट घटका म्हणजे साडेतीन घटका, जेमतेम दीड तास. एखाद्या चित्राच्या लांबीएवढाच वेळ! स्वतःच्या आयुष्याला एवढे चपखल नाव दुसऱ्या कोणा नटाने दिले असेल असे मला वाटत नाही.

पण येथे कहाणी संपवली तर ती खोटी होईल. मूकपटांच्या नायकांची गोष्ट सांगताना 'आवाज आला आणि बिचारा संपला' असे म्हणून डोळे पुसण्याची एक रीत पडून गेली आहे. विठ्ठल संपले नाहीत. ते घरी परतले. 'छत्रपती संभाजी' १९३४ चा. नंतर भालजी पेंढारकरांचे 'नेताजी पालकर' (१९३९), 'सूनबाई' (१९४२), 'बहिर्जी नाईक' (१९४३). त्यानंतर 'जय भवानी' (१९४७). आणि उतारवयात १९६३ ची 'मोहित्यांची मंजुळा'. ह्या चित्रांच्या नटांच्या यादीत मास्टर विठ्ठल हे नाव सापडते. कधी वर, कधी खाली, आणि पुढेपुढे खालीच. नायकाची जागा गेली होती. वय झाले होते. पण भालजींच्या चित्रांत त्यांच्या तोंडी जी भाषा होती ती मावळ्यांची होती. तिच्यासाठी त्यांना गुंगीत निजवावे लागत नव्हते. मुके होते तोवर सारा हिंदुस्थान त्यांचा होता. बोलू लागल्यावर राज्य लहान झाले, परंतु ते स्वतःचे होते.

आजोबांनी गिरणी सोडली आणि ते गावी आले, तेव्हा त्यांचेही असेच झाले असावे. मुंबईत वीस-पंचवीस वर्षे जो माणूस होय-नाही पलीकडे बोलला नाही, तो गावच्या पारावर रात्र रात्र बोलत बसे. त्याच्या जिभेला व्याकरण नव्हते, पण अडखळणे नव्हते.

मास्टर विठ्ठल १९६९ साली वारले. ज्या 'आलम आरा'ने त्यांचे नाव प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत अमर केले, त्याची एकही प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. काही छायाचित्रे तेवढी आहेत. म्हणजे देशातला पहिला बोलपट आज पुन्हा मुका झाला आहे. इतकेच नव्हे, तर आंधळाही. मूकपटांची स्थिती तर याहून वाईट. हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पंचवीस-तीस आज उरले असतील, तेही पुष्कळसे तुटक. ती जुनी फीत ज्वालाग्राही. पेट घेई, नाहीतर आपसूक कुजे. बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फितीतली चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून जे वाचले ते गोळा केले. पण तोवर बहुतेक चितेवर चढून गेले होते. त्या संग्रहालयात १९३१ चा 'दिलेर जिगर' शाबूत आहे. त्यात विठ्ठल नाहीत. हमीर आणि अंबू, म्हणजे पुढच्या ललिता पवार, आहेत. तसल्या उड्या, तसली तलवारबाजी, तसलेच बुरखे. शेजारच्या घराच्या भिंती पाहून पडलेल्या घराचा अंदाज बांधावा, तसा त्यावरून विठ्ठलच्या चित्रांचा अंदाज बांधावा लागतो.

म्हणून मला आजोबांच्या आठवणीची किंमत वाटते. विठ्ठलची उडी ज्या फितीवर होती ती फीत चांदीच्या भावाने वितळली. ती उडी ज्यांच्या डोळ्यांत होती ते डोळेही मिटले. माझ्याजवळ उरले ते एका गिरणीकामगाराचे बोलणे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या बोलीत. ते मी शुद्ध करून लिहिले असते, 'आमचा विठ्ठल मात्र निद्रितावस्थेतच होता' असे मांडले असते, तर त्यात काय उरले असते? चांदी निघाली असती. चित्र गेले असते.

असो. गेल्या दसऱ्याच्या आधी मी माझ्या वर्गाला तोरण्याचा धडा शिकवीत होतो. धडा वाचून झाल्यावर मी त्या गुराख्या मुलाला उभे केले आणि म्हटले, "पुस्तक मिट. तोरण्याहून राजगडाला कसे जायचे, ते तुझ्या घरी सांगतोस तसे सांग." तो बराच वेळ उभा राहिला. हात उचलून दिशा दाखवू लागला. मी म्हटले, "हात खाली." मग तो बोलू लागला. बुधला माची कोठे येते, रान कोठे दाट होते, पाणी कोठे सापडते आणि कोठे सापडत नाही. दहा मिनिटे तो बोलत होता. त्यात 'व्हतं' होते, 'न्हाई' होते, 'पानी' तर कितीतरी वेळा होते. कोणी हसले नाही. मीही खडू खाली ठेवला होता.

शुद्धलेखन मी आजही शिकवितो. ते शिकविलेच पाहिजे. उद्या ह्या पोरांना पुण्यामुंबईला जायचे आहे. तेथे परीक्षेत 'पानी' चालणार नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या मॅट्रिकच्या वेळी मीही ते शिकलो. पण आता मी आधी ऐकतो आणि मग दुरुस्त करतो. एका माणसाला बोलता येईना म्हणून सबंध खेळभर निजवून ठेवले, ही हकीकत मला माहीत आहे. माझ्या वर्गात मला कोणाला निजवून ठेवायचे नाही.